वाघिणीच्या पोटातली खुराडी: ओपन रेल्ससाठी जिवंत कोंबड्यांचा अमेरिकी डबा

प्रश्न थोडक्यात असा: ओपन रेल्स या संगणकावरच्या रेल्वे सिम्युलेटरमध्ये १९३० च्या आसपासची अमेरिकी मालगाडी उभी करताना जिवंत कोंबड्या वाहणारा जाळीचा डबा बनवला. बाजूला जाळीच्या टेक्श्चरची (पृष्ठभागावर चढवलेल्या चित्राची) सपाट पट्टी, तिच्यामागे कोंबड्यांचा फोटो. जवळून तो रंगवलेल्या खोक्यासारखा दिसतो आणि लांबून जाळी गायब होते. फोटोऐवजी त्रिमितीय कोंबड्या भरून पाहिल्या, तर पाच डब्यांतच एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) कोसळला. शिवाय ब्रेक लावला की या डब्याची चाके घसरतात. वजन नक्की किती धरायचे?

चाके घसरण्याचे कारण निराळे आहे, ते पुढे येईल. बाकी तक्रारींचे मूळ एकच: डबा बाहेरून आत बांधला आहे. कोंबड्यांचा डबा म्हणजे गुरांच्या डब्याच्या फळ्या काढून जाळी ठोकलेली वाघीण नव्हे. मधल्या बोळाच्या दोन्ही अंगांना उभे कपाट आणि कपाटाच्या प्रत्येक खणात एक खुराडे, अशी त्याची रचना. जाळी ही त्या कपाटावरची शेवटची गोष्ट, म्हणून मॉडेलमध्येही ती शेवटी आली पाहिजे.

रचना आधी डोक्यात पक्की बसू द्या. ईरी रेल्वेचा मालवाहतूक एजंट विल्यम जेन्किन्स आणि इंडियानातल्या मन्सी गावचा कोंबड्यांचा व्यापारी जेम्स स्ट्रीटर यांच्या खटपटीतून हा डबा आला. पहिले पेटंट २६ ऑगस्ट १८८४ चे. त्याआधी सुट्या खुराड्यांत कोंबड्या कोंबून ती साध्या डब्यात रचत, आणि आतल्यांना ना हवा मिळे ना पाणी. नव्या डब्यात खुराडी डब्याचाच भाग झाली. प्रत्येक खुराड्यासमोर दाण्याची पन्हळ, डब्यातच दाण्या-पाण्याचा साठा, आणि मधोमध राखणदाराची छोटी खोली. राखणदार कोंबड्यांबरोबर शेवटपर्यंत जाई आणि वाटेत दाणापाणी करी. थंडीत जाळीवर कॅनव्हास सोडत आणि मधल्या खोलीत शेगडी पेटवत. त्यामुळे छताच्या मध्यावर शेगडीचे धुराडे हवेच. ते विसरले की डबा लगेच खोटा वाटतो.

सर्वसाधारण मांडणी अशी धरा: आठ थर, दर थरात एका बाजूला आठ खुराडी. दोन्ही बाजू मिळून १२८. एका खुराड्यात सरासरी ३५ पक्षी धरले तर ४,४८० होतात, आणि अशा डब्यांची क्षमता चार ते पाच हजार पक्ष्यांची असे, तिच्याशी हे जुळते. छत्तीस फुटी डब्यात मापेही बसतात. खुराडे १.२ मीटर लांब, एक मीटर खोल, ३० सेंटिमीटर उंच. मधल्या खोलीच्या पुढे चार आणि मागे चार खुराडी म्हणजे ९.६ मीटर, खोली १.२ मीटर, एकूण १०.८ मीटर. आतली रुंदी २.७ मीटर असेल तर बोळाला ७० सेंटिमीटर उरतात. माणूस जेमतेम चालेल एवढेच, आणि ते तसेच हवे.

तुमच्याकडे फक्त जुना फोटो असेल तर माप चाकावरून काढा. त्या काळच्या अमेरिकी मालडब्याचे चाक ३३ इंची, म्हणजे ८३८ मिलिमीटर. फोटोत चाकाचा व्यास पिक्सेलमध्ये मोजा आणि त्या प्रमाणात डब्याची उंची आणि लांबी काढा. मात्र चाकाची उंची आणि रुंदी दोन्ही मोजा. रुंदी कमी भरली तर फोटो तिरका आहे, आणि लांबीचे माप त्याच गुणोत्तराने वाढवावे लागेल. फोटोच्या कडेला असलेल्या चाकावर भरवसा ठेवू नका, भिंगामुळे तिथे माप ताणले जाते.

आता बांधणी. १२८ वेगळ्या पेट्या करू नका. मधल्या खोलीमुळे कपाटाचे चार भाग पडतात: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. प्रत्येक भागात सात लांब फळ्या (आठव्या थराचा तळ म्हणजे डब्याचाच तळ) आणि पाच उभ्या भिंती. फळीला वरची, खालची आणि दर्शनी अशा तीन बाजू, भिंतीला दोन अंगे आणि दर्शनी कड. चारही भागांचे मिळून १४४ चौकोन होतात, म्हणजे २८८ त्रिकोण. एवढ्यात पूर्ण कपाट उभे राहते. फळ्यांच्या दर्शनी कडा गाळण्याचा मोह आवरा. जाळीतून डोळ्याला सर्वात आधी त्याच आडव्या रेघा दिसतात, आणि कॅमेरा सरकला की त्या जाळीच्या मागे सरकतात. खोली जाणवते ती या सरकण्यातून, टेक्श्चर कितीही बारीक असले तरी त्यातून नाही.

जाळी २५ मिलिमीटर चौकोनाची धरू. ५१२ पिक्सेलच्या चौरस टेक्श्चरमध्ये ३२ चौकोन बसवा. मग एक टेक्श्चर ८०० मिलिमीटरचे झाले, एका चौकोनाला १६ पिक्सेल आले आणि तार दोन पिक्सेलची, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर. खरी तार यापेक्षा बारीक असते, पण एक पिक्सेलची तार पडद्यावर तुटकतुटक दिसते. २.४ मीटर उंचीत हे टेक्श्चर तीनदा बसते. ते बाकीच्या डब्याच्या टेक्श्चरमध्ये मिसळू नका, कारण ते वारंवार जोडले जाणार आहे. एक ड्रॉ कॉल, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला चित्र काढण्याचा एक हुकूम, वाढतो, वाढू द्या.

लांबून जाळी गायब होण्याचे गणित इथेच आहे. १६ पैकी दोन पिक्सेल तार, दोन्ही दिशांनी. म्हणजे मोकळा भाग १४ गुणिले १४ भागिले २५६, सुमारे ७६.६ टक्के. तारेने व्यापलेला भाग जेमतेम २३.४ टक्के. अंतर वाढले की मिपमॅप (टेक्श्चरची लहान केलेली प्रत) पिक्सेलांची सरासरी काढत जातो आणि अल्फा (अपारदर्शकता) २५५ पैकी ६० वर येऊन थांबतो. एक-बिट अल्फात पिक्सेल एक तर पूर्ण दिसतो, नाही तर मुळीच नाही, आणि तो दिसण्यासाठी उंबरठा निम्म्याच्या वर असतो. ६० तिथे पोहोचत नाही, म्हणून अख्खी जाळी एका क्षणात नाहीशी होते. त्या आधीच्या पट्ट्यात ती मुंग्यांच्या रांगेसारखी वळवळते.

यावर उपाय म्हणून पूर्ण जाळीच मिश्र (अर्धपारदर्शक) अल्फात नेण्याचा सल्ला बरेचजण देतात. तो घेऊ नका. मिश्र अल्फाचे पृष्ठभाग आधी कोणते आणि नंतर कोणते रंगवायचे याचा क्रम अंतरावर ठरतो, आणि जाळीमागे जाळी असलेल्या डब्यात तो क्रम हमखास चुकतो. मग अलीकडच्या जाळीतून पलीकडचे कपाट दिसायचे बंद होते, किंवा मागच्या डब्याचे टोक पुढे उडी मारते. अंतरानुसार डब्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, म्हणजे पातळ्या, करा. जवळच्या पातळीत एक-बिट अल्फाच ठेवा. साधारण ६० मीटरच्या पुढे दुसरी पातळी सुरू करा. तिच्यात तारेची जाळी काढून त्या जागी सर्वत्र सारखा, २५ टक्के अपारदर्शक करडा पडदा लावा. पडदा मिश्र अल्फाचा, पण बाजूला एकच, आणि त्यामागचे सगळे अपारदर्शक ठेवायचे. अडीचशे मीटरच्या पुढे तिसरी पातळी: पारदर्शकता पूर्ण बंद, बाजूवर आडव्या रेघा आणि अंधार असलेले एक आधीच तयार केलेले सपाट चित्र. इथे तुमची जुनी सपाट पट्टी चालेल, ती फुकट गेली नाही.

पातळी बदलताना डबा अचानक उजळ किंवा गडद झाला तर करड्या पडद्याचा रंग तपासा. तो जाळीच्या तारेच्या रंगाचा हवा, पांढरट नको. गंजलेली जस्तलेपित तार उन्हातही मळकट दिसते. आणखी एक: पृष्ठभाग एकाच अंगाने दिसतो. जाळीला उलट्या दिशेचा दुसरा पृष्ठभाग दिला नाही, तर डब्यातून पलीकडे पाहताना समोरची जाळी नाहीच असे दिसेल.

कोंबड्या. दोनशे त्रिकोणांची कामचलाऊ कोंबडी घेतली तरी ४,४८० पक्ष्यांचे ८,९६,००० त्रिकोण होतात, एका डब्याचे. एफपीएस कोसळणारच. प्रत्येक खुराड्याला पक्ष्यांची एक उभी पट्टी द्या: सहा-सात कोंबड्या, काही माना पन्हळीकडे पुढे काढलेल्या, काही पाठमोऱ्या. पट्टी जाळीच्या दहा सेंटिमीटर मागे. तिच्यामागे आणखी तीस सेंटिमीटरवर दुसरी पट्टी, त्याच चित्राची निम्म्या उजेडाची प्रत. सर्वात मागे, जाळीपासून साठ सेंटिमीटरवर, जवळजवळ काळा पृष्ठभाग, कपाटाच्या भागागणिक एक. सगळे मिळून ५२० त्रिकोण. मागच्या पट्टीत उजेड कमी असल्यामुळे कोणीही पक्षी मोजत बसत नाही, पण गर्दी पटते.

१०२४ च्या चौरस टेक्श्चरमध्ये चार पट्ट्या बसतात, आरशासारख्या उलटवल्या की आठ. शेजारच्या आणि वरखालच्या खुराड्यांत सारखी पट्टी येऊ देऊ नका. सारखेपणा आडव्यापेक्षा उभ्या ओळीत लवकर पकडला जातो.

रंगाबाबत एक चूक फार दिसते: सगळ्या कोंबड्या पांढऱ्याशुभ्र. आजच्या ब्रॉयलर शेडची ती सवय आहे. १९३० मध्ये डबा भरे तो मध्य-पश्चिमेतल्या शेकडो शेतघरांच्या अंगणातून गोळा केलेल्या पक्ष्यांनी. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या प्लिमथ रॉक, विटकरी ऱ्होड आयलंड रेड, अधूनमधून पांढऱ्या लेगहॉर्न. चार पट्ट्यांत या तिन्ही जाती मिसळा, आणि पांढऱ्यांचे प्रमाण मुद्दाम वेगवेगळे ठेवा.

पक्षी आणि काळा पृष्ठभाग डब्याच्या मुख्य मॉडेलमध्ये घालू नका. त्यांचे वेगळे शेप (मॉडेलच्या फाइल) करा आणि वॅग फाइलमधल्या (डब्याच्या वर्णनाच्या फाइलमधल्या) ओआरटीएस-फ्रेट-ॲनिम्स विभागात स्थिर माल म्हणून जोडा. त्याचा मोठा फायदा असा की रिकामा डबा आपोआप मिळतो. आणि रिकामा डबा भरलेल्यापेक्षा देखणा असतो! काळा पृष्ठभाग नसल्यामुळे उन्हाचे कवडसे आरपार येतात, फळ्यांच्या रेघांमधून पलीकडची झाडे दिसतात, आणि डबा पुढे गेला की ती झाडे थराथरांतून सरकतात. भरलेला डबा मात्र अंधारी भिंत. खऱ्या डब्यातही हाच फरक दुरून ओळखू येई.

आता वजन. दोन किलोची एक कोंबडी धरली तर ४,४८० पक्ष्यांचे ८,९६० किलो. दाणा-पाणी आणि राखणदाराचे सामान धरून मालाचे १० टन ठेवा. रिकामा लाकडी डबा २० टनांचा धरा. म्हणजे भरून ३० टन. कोंबड्यांचा डबा भरला तरी हलकाच राहतो, कारण जागेचा बराच भाग हवेने आणि फळ्यांनी अडवलेला असतो. कोळशाच्या वाघिणीचा अंदाज इथे लावू नका. वॅग फाइलमध्ये रिकाम्या वजनाची ओळ, म्हणजे वॅगन-एम्प्टी-वेट, लिहिली नाही तर ओपन रेल्स मालाचे वजन हिशेबात धरतच नाही. मुख्य मास जो असेल तोच भरल्या-रिकाम्या दोन्ही वेळी राहतो. तेव्हा मास २० टन, वॅगन-एम्प्टी-वेट २० टन, स्थिर मालाचे फ्रेट-वेट १० टन.

चाके घसरतात त्याचे कारण बहुतेक हे असेल: तुम्ही मॅक्स-ब्रेक-फोर्समध्ये ब्रेकशूचा (चाकावर दाबल्या जाणाऱ्या ठोकळ्याचा) दाब लिहिला आहे. त्या काळच्या डब्यात शूवरचा एकूण दाब रिकाम्या वजनाच्या ६० टक्क्यांच्या आसपास ठेवत. २० टनांच्या डब्याला तो सुमारे ११८ किलोन्यूटन येतो. पण मॅक्स-ब्रेक-फोर्स म्हणजे प्रत्यक्ष गाडी अडवणारे बल. रुळावर २५ टक्के पकड धरली तरी रिकाम्या डब्याला ४९ किलोन्यूटनच्या वर रूळ साथ देत नाही, मग ११८ ला चाके जाम होणारच. ओतीव लोखंडी शूचा घर्षणांक ०.१७ धरा आणि मॅक्स-ब्रेक-फोर्समध्ये २० किलोन्यूटन लिहा. ओपन रेल्सच्या नव्या आवृत्त्यांत शूच्या दाबासाठी वेगळी ओळ आहे, ओआरटीएस-मॅक्स-ब्रेक-शू-फोर्स. ११८ किलोन्यूटन तिथे शोभतो. दोन्ही ओळींची सरमिसळ करू नका.

गाडी ओढायला जड की हलकी, हे डेव्हिसच्या चालविरोधाच्या सूत्रातल्या तीन आकड्यांवर ठरते. साध्या बेअरिंगच्या चार आसांच्या ३० टनी डब्याला १९२६ च्या सूत्राने ए ७०७ न्यूटन, बी १४.८ न्यूटन दर मीटर प्रति सेकंद, सी १.० न्यूटन दर वेगाच्या वर्गाला येतो. सूत्रात टन अमेरिकी आहेत, म्हणजे ३० चे ३३ करून घ्या. नाही तर तिथेच गफलत होते. सी साठी समोरचे क्षेत्रफळ ९० चौरस फूट धरले आहे. जाळीच्या बाजूंमध्ये वारा अडकतो, म्हणून सी १.२ पर्यंत वाढवला तर माझी हरकत नाही. रिकाम्या डब्याला हिशेब पुन्हा करा: ए ६४३ आणि बी ९.९ होतो. दर टनामागचा विरोध मात्र रिकाम्या डब्यात जास्त असतो, त्यामुळे रिकाम्या डब्यांची परतीची गाडी वजनाच्या मानाने हट्टी वाटते. ते चूक नाही.

बोगीकडे वळताना नावे नीट तपासा. चाके फिरत नसतील तर दहापैकी नऊदा व्हील्स-११ आणि व्हील्स-१२ हे भाग बोगी-१ ऐवजी थेट मेनला (मॉडेलच्या मुख्य भागाला) जोडलेले असतात. १९३० साठी आर्चबार (पट्ट्या बोल्टने जोडून केलेली) बोगी चालेल. १९४० च्या सुमाराला एका रेल्वेकडून दुसरीकडे जाणाऱ्या डब्यांतून तिची हकालपट्टी झाली, तेव्हा त्यानंतरच्या देखाव्यात ओतीव चौकटीची बोगी लावा. तळाखालच्या ब्रेकचेही तसेच. १९३३ पासून नव्या डब्यांना एबी ब्रेक सक्तीचा झाला. त्यात झडप, सिलिंडर आणि टाकी असे तीन सुटे भाग दिसतात. त्याआधीच्या के ब्रेकमध्ये हे सगळे एकाच लांबट गोळ्यात असे. तुमच्या डब्याला हा के प्रकार हवा.

आवाज थोडक्यात. ध्वनिफाइल मोनो हवी. स्टिरिओ फाइलला दिशा मिळत नाही आणि कोंबड्या डोक्यात कलकलतात. एकच लूप घेतला तर अर्ध्या मिनिटात पुनरावृत्ती कळते. १७, २३ आणि २९ सेकंदांचे तीन लूप एकत्र चालवा. तिघांची सुरुवात पुन्हा एकत्र यायला ११,३३९ सेकंद, तीन तासांहून जास्त वेळ लागतो. आरवणे लूपमध्ये कधीच घालू नका. सतरा सेकंदांनी आरवणारा कोंबडा दहाव्या मिनिटाला कापावासा वाटतो. वेग वाढला की चाकांच्या आवाजाखाली कलकल दबली पाहिजे, म्हणून वेगाच्या वक्राने आवाज खाली आणा आणि शंभर-दीडशे मीटरच्या पुढे तो बंद करा.

मळ कुठे लावायचा? छतावर इंजिनाची काजळी, ती सगळ्याच डब्यांना. याची खास खूण खालच्या तुळईवर: थरांमधून ओघळलेल्या विष्ठेचे पांढरट-हिरवट ओहोळ, खुराड्यांच्या भिंतींच्या रेषेत, आणि जाळीच्या खालच्या दोन-तीन ओळींत अडकलेली पिसे. मधल्या खोलीच्या दाराखाली हे ओहोळ नकोत, तिथे खुराडी नाहीत. १९२४-२५ मध्ये कोंबड्यांच्या प्लेगची साथ न्यूयॉर्कच्या बाजारांतून पसरली, त्यानंतर डबे धुणे आणि निर्जंतुक करणे गंभीरपणे घेतले जाऊ लागले. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या रेल्वे टर्मिनलांवर आणि बाजारांत जिवंत पक्ष्यांच्या तपासणीसाठी केंद्रीय कृषी खात्याची सेवा सुरू झाली. त्यामुळे परतीच्या रिकाम्या डब्याचे वेगळे, धुतलेले टेक्श्चर करा: ओहोळ फिके, लाकूड ओलसर गडद, पिसे मात्र तशीच.

गाडी कुठून कुठे न्यायची हे ठरवायला एक अनपेक्षित साधन आहे: अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा १९३५ चा शेख्टर खटल्याचा निकाल, ज्याला लोक ‘आजारी कोंबडीचा खटला’ म्हणतात. रूझवेल्टच्या नव्या आर्थिक धोरणातला मोठा कायदा त्यात कोसळला. आपल्या कामाचा भाग मात्र सुरुवातीला आहे. न्यूयॉर्क हा तेव्हा देशातला जिवंत कोंबड्यांचा सर्वात मोठा बाजार, तिथला ९६ टक्के माल परराज्यातून येई, त्यातला तीन चतुर्थांश रेल्वेने. आणि रेल्वेने येणाऱ्यापैकी सुमारे ७५ टक्के न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या मॅनहॅटन टर्मिनलवर, उरलेला न्यू जर्सीतल्या चार टर्मिनलांवर. म्हणजे चार डब्यांपैकी तीन न्यूयॉर्क सेंट्रलच्या गाडीला आणि एक जर्सीकडे, असे वाटप केले की पुरावा तुमच्या बाजूने आहे. तिथून माल आडत्यांमार्फत विकला जाई आणि ट्रकने ब्रुकलिनसारख्या भागांतल्या कत्तलखान्यांत जाई. ज्यू गिऱ्हाईक मोठे, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या रोश हशाना आणि योम किप्पुर या सणांच्या आधीच्या आठवड्यात देखावा लावलात तर एका गाडीत पाच डबे शोभतील. एरवी एक-दोन पुरेत.

दिशा विसरू नका. भरलेले डबे पूर्वेकडे, रिकामे पश्चिमेकडे. रिकाम्यांचे कॅनव्हास गुंडाळून छताच्या कडेला बांधलेले, आणि धुराड्यातून धूर नाही.